गुणाजीने पसंत केलेली गाडी

गुणाजी परबाला त्याच्या डाव्या पायाने म्हातारं केलं. बाकीचा गुणाजी अजून धडधाकट होता. केस काळे, नजर साफ, हात स्टिअरिंगवर स्थिर. वय विचारलं तर पन्नास सांगायचा, आणि ते दोन-तीन वर्षांच्या फरकाने खरंही होतं. पण डावा गुडघा एकटाच पुढे निघून गेला होता आणि सत्तरीत जाऊन बसला होता.

ह्याला कारण सॉलिसिटर मार्तंडराव विजयकरांची गाडी. लढाईच्या आदल्या वर्षी घेतलेली, काळी, विलायती, दिसायला भारदस्त आणि चालवायला हट्टी. तिचा क्लच दाबायचा म्हणजे भरलेली गोणी पायाने सरकवायची. अंधेरीच्या पूर्वेकडल्या बंगल्यातून निघायचं, रेल्वेच्या फाटकाशी थांबायचं, मग घोडबंदर रोडने पार्ले, सांताक्रूझ, वांद्रे करत फोर्टात पोचायचं आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. वाटेत बैलगाड्या, टांगे, ट्रक आणि कुणालाही न जुमानणाऱ्या म्हशी. त्या प्रत्येकासाठी एकदा क्लच. पंधरा वर्षं हे चाललं होतं. तेवढ्या काळात मागे बसणाऱ्याला नाव, पैसा आणि बऱ्यापैकी पोट मिळालं. पुढे बसणाऱ्याला गुडघा मिळाला.

गुणाजी कुडाळकडचा. सोळाव्या वर्षी मामाच्या मागोमाग मुंबईत आला, लालबागच्या एका गिरणीत लागला, कापसाच्या धुळीने खोकायला लागला आणि मुकादमाने दया येऊन त्याला गिरणीच्या लॉरीवर क्लीनर केलं. लॉरी पुसता पुसता तो ती चालवायला शिकला. शिकला म्हणजे असा शिकला, की इंजिनचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगायचा. विजयकरांकडे आला तेव्हा ते नवे नवे वकील होते आणि त्यांना गाडीतलं फक्त दार कळत होतं. ते त्यांना आजही तेवढंच कळत होतं.

म्हणून घरात एक रीत पडून गेली होती. गाडीच्या बाबतीत गुणाजी म्हणेल ते. लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या स्वस्तात निघाल्या, तेव्हा मार्तंडरावांचे सगळे मित्र धावले. मार्तंडरावही निघाले होते. गुणाजीने त्या गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हिची पाठ मोडलीय. नको." मित्रांच्या गाड्या वर्षभरात भंगारात गेल्या आणि गुणाजीचा शब्द विजयकरांच्या घरात कोर्टाच्या निकालासारखा झाला. हातात कसलं सर्टिफिकेट नसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी कमाई होती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

गुडघ्याचं मात्र त्याने बंगल्यावर कुणाला कळू दिलं नव्हतं. ड्रायव्हरचा पाय दुखतो म्हणजे आचाऱ्याला चव कळत नाही म्हणण्यासारखं. ते बोलून दाखवायचं नसतं. गाडीतून उतरताना तो बॉनेटला हात टेकायचा आणि जणू काच पुसायलाच टेकलाय असं दाखवायचा.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर जुन्या गाडीने एकदा माहीमच्या खाडीवर आणि एकदा भर कोर्टासमोर मान टाकली. मार्तंडरावांना खाली उतरून अशिलांच्या देखत उभं राहावं लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी गुणाजीच्या हातात एक गुळगुळीत कागदाचा रंगीत कॅटलॉग दिला.

"अमेरिकन आहे. मोठी. सहा माणसं आरामात बसतात म्हणे," ते म्हणाले. "तीन तऱ्हांची येते. स्टँडर्ड, स्पेशल आणि डीलक्स. मला तिन्ही सारख्याच दिसतात. घरी ने, अनुपमाकडून वाचून घे. शनिवारी शोरूमला जाऊ. तू म्हणशील ती घेऊ."

अनुपमा ही गुणाजीची मुलगी. ती मॅट्रिकच्या वर्षाला होती. परबांच्या सात पिढ्यांत इतकं कुणी शिकलं नव्हतं, आणि हिला पुढे पार्ल्याच्या कॉलेजात जायचं होतं. मरोळच्या त्या एका खोलीत संध्याकाळी कॅटलॉग उघडला गेला. लेकीला इंग्रजी येत होतं पण गाडी कळत नव्हती, बापाला गाडी कळत होती पण इंग्रजी येत नव्हतं. दोघांनी मिळून ती गाडी वाचायला घेतली.

शेवटच्या पानावर तक्ता होता. डावीकडे वस्तूंची नावं, उजवीकडे तीन रकाने. जी वस्तू ज्या गाडीत मिळते तिथे काळा ठिपका. स्टँडर्डच्या रकान्यात ठिपके मोजके, डीलक्सच्या रकान्यात ओळीने.

"सन व्हायझर," अनुपमाने वाचलं. "स्टँडर्डला एक, बाकीच्यांना दोन."

"उन्हाची झापड ती. एक असली तर ड्रायव्हरच्या बाजूक असतली," गुणाजी म्हणाला. त्याला बरं वाटलं. गरिबातल्या गाडीत तरी ड्रायव्हरचा विचार आधी केला होता.

मग बाहेरून चकचकीत पट्ट्या. स्पेशलला दारापर्यंत, डीलक्सला मागच्या दिव्यापर्यंत. सिगारेट पेटवायचं यंत्र. घड्याळ, ते फक्त डीलक्सला. मागच्या सीटच्या मधोमध हात टेकायला उशी. फोमची गादी. पांढऱ्या कडांचे टायर, दोन रंगांची बॉडी आणि रेडिओ, ह्यांना वेगळे पैसे. आणि हीटर, त्यालाही वेगळे पैसे.

"हीटर म्हणजे गाडी आतून गरम करतात," अनुपमाने सांगितलं.

शेवंती, गुणाजीची बायको, चुलीपाशी निर्गुडीचा पाला गरम करत होती. ती तिथूनच म्हणाली, "मुंबैत हीटर कित्याक व्हयो? हंय माणसां घामान भिजतत. त्येंका म्हणा, आमच्या खोलयेत येवन बसा, फुकट हीटर मिळतलो."

गुणाजी हसला, पण त्याचं लक्ष त्या ठिपक्यांवर होतं. एवढे ठिपके वाचून झाले, आणि उन्हाची झापड सोडली तर सगळे मागच्या सीटचे निघाले. पुढची सीट तिन्ही गाड्यांत तीच. कंपनीने फरक केला तो बसणाऱ्यांत केला. चालवणारा सगळीकडे सारखाच धरला होता.

"एक राहिलं," अनुपमा म्हणाली. "फक्त डीलक्सला. ॲटोमॅटिक गिअर. बाबा, इथे लिहिलंय, क्लच पेडल नाही."

"काय नाय?"

"क्लच. गिअर आपले आपण पडतात. डाव्या पायाला काही कामच नाही."

गुणाजीने तिच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. शेवंती गरम पाल्याचं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मगे ही गाडी तुमच्यासाठीच केल्यानी म्हणायची."

गुणाजीच्या मनात त्या क्षणी जे आलं ते सुख होतं. दुसरा शब्द नाही. फाटकापाशी, माहीमच्या गर्दीत, कोर्टाच्या आवारात पाय नुसता ठेवून द्यायचा. अजून दहा वर्षं ओढता येतील. अनुपमाचं कॉलेज होईल, लग्न होईल. एवढा वेळ पाय पुरला पाहिजे, एवढंच तर त्याचं मागणं होतं.

"आणि पुढे काय लिहिलंय बघा," अनुपमाने पान उलटलं. तिथे हातमोजे घातलेली एक गोरी बाई स्टिअरिंगवर बसून हसत होती. "इतकी सोपी, की घरातलं कुणीही चालवू शकेल."

सुख तिथेच थांबलं. गुणाजीला सहदेव आठवला. सहदेव त्याच्याच गावचा, घाटकोपरला एका बंगल्यावर ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मालकिणीने हौसेने गाडी शिकून घेतली, सहा महिन्यांत सहदेवला हातावर पगार देऊन निरोप दिला, तोही अगदी गोड बोलून. आता तो मरोळच्या एका गोदामावर वॉचमन होता आणि दिवसभर स्टुलावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा.

त्या रात्री कशाला, त्या मिनिटापासूनच गुणाजी वाईट विचार करायला लागला. माणसाला एकदा धाक बसला की पुराव्यांना तोटा नसतो. मृणालिनीबाई, म्हणजे मार्तंडरावांच्या मंडळी, अलीकडे गाडी थांबली की स्वतःच दार उघडून उतरायच्या. तो धडपडत उतरायला लागला की म्हणायच्या, "बसा गुणाजी, तुम्ही उतरू नका. मला काय हात नाहीत?" आजवर हे त्याला चांगुलपणाचं वाटत होतं. आता त्याला कळलं की बाई सवय करून घेतायत. दार उघडण्यापासून सुरुवात होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलंही होतं, की क्लच इतका जड का असतो, बाईमाणसाला दाबवेल का? बाईला क्लचशी काय करायचं होतं?

शनिवारी दुपारी कोर्ट सुटल्यावर साहेब, बाई आणि गुणाजी असे तिघं ह्यूजेस रोडच्या शोरूमला गेले. तिथला विक्रेता नंदकुमार नावाचा, टाय लावलेला, तोंडात साखर घोळवणारा. तिन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या पॉलिशमध्ये माणसाचं तोंड दिसत होतं. गुणाजीने नेहमीप्रमाणे प्रत्येकीभोवती फेरी मारली. बॉनेट उघडलं. खाली वाकताना गुडघ्यातून कळ आली, ती त्याने गिळली. इंजिन तिन्हींचं एकच. चाकं तीच, स्प्रिंगा त्याच. स्टँडर्डला आत काळं रबर अंथरलं होतं, डीलक्सला मऊ गालिचा. स्टँडर्ड आणि डीलक्स ह्यांच्यातला फरक म्हणजे बराचसा साबण आणि अत्तर.

डीलक्स फिकट हिरवी आणि पांढरी अशी दोन रंगांची होती. गुणाजीने तिच्यात बसून पाहिलं. खाली दोनच पेडलं. त्याने डावा पाय लांब केला, आणि तिथे काहीच नव्हतं. पाय नुसता पडून राहिला. असा पाय त्याने कितीतरी वर्षांत गाडीत लांब केला नव्हता. त्याला उतरावंसं वाटेना.

"मला बघू दे जरा," मृणालिनीबाई म्हणाल्या.

तो उतरला. बाई पदर सावरून स्टिअरिंगमागे बसल्या. त्यांनी पेडल दाबून पाहिलं, मग वाकून दुसरा पाय कुठे ठेवायचा ते पाहिलं. "म्हणजे डाव्या पायाला खरंच काही त्रास नाही?" त्यांनी नंदकुमारला विचारलं.

"अजिबात नाही बाई. डावा पाय पूर्ण मोकळा. तुम्हीसुद्धा आठ दिवसांत चालवाल."

बाई हसल्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मला हीच पसंत आहे."

गुणाजीला शोरूमच्या फरशीवर आपण एकदम हलके झाल्यासारखं वाटलं, कुणीही उचलून बाहेर ठेवावं असे.

"मला विचारू नका," मार्तंडराव म्हणाले. "गुणाजी, तू बोल. घ्यायची का ही?"

गुणाजी आयुष्यात गाडीबद्दल खोटं बोलला नव्हता. पगाराबद्दल, रजेबद्दल, गावच्या आजारपणांबद्दल तो बोलला असेल. कोण बोलत नाही? पण गाडीबद्दल नाही. त्याने त्या हिरव्या गाडीकडे एकदा बघितलं.

"साहेब, दिसायला झकास आहे," तो म्हणाला. "पण हा आपोआप गिअर काय खरा नाय. बिघडला तर मुंबईत उघडणारा मिस्त्री नाय. ट्रॉम्बेला कारखान्याचं काम चाललंय ना, तिथल्या एका साहेबाची अशीच गाडी होती. तीन दिवस रस्त्यात पडून होती. शेवटी बैल लावून ओढून नेली. मी डोळ्यांनी बघितली."

त्याने काहीही बघितलं नव्हतं. ट्रॉम्बेला तो वर्षभरात गेलाही नव्हता. बैल कुठून आले हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तोंड उघडल्यावर आपले चालत आले.

नंदकुमारचा चेहरा पडला. "साहेब, असं आम्ही कधी ऐकलं नाही. आमचा मिस्त्री शिकून आलेला आहे. कंपनीची गॅरंटी—"

"तुम्ही विकणार आणि मोकळे होणार," मार्तंडराव म्हणाले. "हा रोज चालवणार. हा खोटं कशाला सांगेल? मग कुठली घ्यायची, गुणाजी?"

"स्पेशल घ्या. मागे हात टेकायला उशी वेगळी बसवून मिळेल. घड्याळ तुमच्या मनगटाला आहेच. साधा गिअर, कुठेही दुरुस्त होतो. वीस वर्षं बघायला नको."

मार्तंडरावांनी कागदावर सही केली आणि स्पेशल ठरली, करड्या रंगाची, क्लचवाली.

परतताना गाडी जुनीच होती. दादरच्या पुढे गर्दी लागली. गुणाजी क्लच दाबत होता, सोडत होता. आपण जिंकलो असं तो स्वतःला सांगत होता, पण जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. नुसता थकवा आला होता, सगळ्या अंगाला, आणि घर अजून लांब होतं.

माहीम मागे पडल्यावर मृणालिनीबाई पुढे वाकल्या.

"गुणाजी, एक विचारू? तुमचा गुडघा कसा आहे?"

"कसला गुडघा, बाई?"

"मी काय आंधळी आहे? वर्षभर बघतेय. उतरताना तुमचा चेहरा कसा होतो ते. म्हणून तर मी ह्यांच्या मागे लागले होते, की ती बिनक्लचची घेऊ या. मला काय करायचेत ते गालिचे नि दोन रंग! मला साधी सायकल येत नाही. म्हटलं, गुणाजींचे हाल तरी संपतील, अजून दहा वर्षं आपल्याकडे राहतील."

"आठ दिवस हेच ऐकतोय मी," मार्तंडराव हसत म्हणाले. "मी हिला सांगितलं, गुणाजीलाच विचारू. त्याचा पाय दुखत असता तर त्याने ती गाडी हातची सोडली असती का?"

"अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत कळवलं तर बदलून देतो म्हणालाय तो शोरूमवाला. त्रास असेल तर मोकळेपणी सांगा. ती गाडी इतकी वाईट असेल असं मला काही वाटत नाही. ट्रॉम्बेला झालं ते एखाद्या वेळी झालं असेल."

दोघंही त्याच्या उत्तराची वाट बघत होते, आणि खरोखरच प्रेमाने बघत होते.

पाय दुखतो एवढंच सांगायचं असतं तर गुणाजीने त्या क्षणी सांगितलं असतं. त्याची लाज केव्हाच गळून पडली होती. पण पाय दुखतो म्हटलं, की मग डीलक्स नको का म्हणालास? मग त्या ट्रॉम्बेच्या साहेबाचं सांगायचं, बैलांचं सांगायचं, आणि त्याच्याही आधी, बाई, तुम्ही मला हाकलणार असं मी धरून चाललो होतो, हे सांगायचं. ज्या बाईने वर्षभर स्वतः दार उघडलं तिला हे तोंड वर करून सांगायचं. त्यानंतर गुणाजी म्हणेल ती गाडी, असं त्या घरात पुन्हा कोण म्हणणार होतं? त्याच्याजवळ मिरवण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

"पाय झकास आहे, बाई," तो म्हणाला. "थंडीत जरा आखडतो. तेवढंच."

"नक्की?"

"नक्की."

"बघ!" मार्तंडराव बायकोला म्हणाले. "दुसरा कुणी असता तर स्वतःच्या आरामासाठी महागाची गाडी गळ्यात मारली असती. ह्याने आपलं भलं बघितलं. म्हणून मी ह्याला विचारल्याशिवाय काही घेत नाही."

गुणाजीला स्टिअरिंगवर डोकं टेकून रडावंसं वाटलं. साहेबांनी शिव्या दिल्या असत्या तरी त्याला चाललं असतं. हे कौतुक मात्र त्याला पार्ल्यापर्यंत पुरलं आणि अंधेरीपर्यंत उरलं.

अंधेरीचं फाटक बंद होतं. एक लोकल गेली, दुसरी गेली. मागे बाई साहेबांना करड्या रंगाला कुठले पडदे शोभतील ते विचारत होत्या. फाटक उघडलं तेव्हा त्याचा पाय बसल्या जागी पार आखडून गेला होता. त्याने डाव्या हाताने पँट धरून गुडघा वर उचलला, पाऊल क्लचवर नेऊन ठेवलं, आणि तोंडातून निघणारा आवाज मागे ऐकू जाऊ नये म्हणून आधी जोरात हॉर्न वाजवला आणि मग क्लच दाबला.